आबांनी कॉलेजचं घर बघितलं

नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजात रुळवण्यासाठी जी समिती असते, तिच्यावर मी सोळा वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ अध्यक्ष म्हणून. त्यामुळे हे काम कसं करू नये, याबद्दल माझ्याइतकं अधिकारानं बोलणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचं नाही.

आता याला इंडक्शन म्हणतात. दारात फुग्यांची कमान लागते. कमानीजवळ पुठ्ठ्याची चौकट असते, तिच्यातून तोंड बाहेर काढून मुलं फोटो काढून घेतात. आत सभागृहात पडद्यावर कॉलेजचं ध्येय झळकतं आणि ते वाचून दाखवणाऱ्यालाच त्यातले दोन शब्द अडतात. मग ताणतणावावर एक तज्ज्ञ बोलतात. ते इतका वेळ बोलतात की जेवणाची सुट्टी निघून जाते आणि ज्याला ताण नव्हता त्यालाही येतो. शेवटी 'कार्यक्रम कसा वाटला' याचा फॉर्म. तो आम्ही सुरुवातीलाच भरून घ्यायचो, कारण चहानंतर कुणी थांबत नाही. एका वर्षी मुलांनी चहा उत्तम होता असं लिहून दिलं आणि चहा आलाच नाही. अहवालात मात्र तो आहे.

हे सगळं आटोपलं की दर वर्षी एक तरी मुलगी खांबाआड उभी असते. सगळे पांगेपर्यंत थांबते, मग जवळ येऊन हळूच विचारते, "मॅडम, बाथरूम कुठंय?" चार तासांत ते कुणी सांगितलेलं नसतं. मी अध्यक्ष झाले तेव्हा दीपप्रज्वलनाच्या आधी हाच विषय घेतला. मुलींचं बाथरूम कुठं, मुलांचं कुठं, नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं. मंगल प्रसंगी अमंगल बोलल्याबद्दल एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. मी ती फायलीला लावली आणि पुढच्या वर्षीही तेच केलं.

लोक मला खडूस म्हणायचे. खडूस तर मी आहेच. पण या बाबतीतला खडूसपणा मला माझ्या स्वतःच्या स्वागत समारंभातून मिळाला, आणि तो समारंभ ज्यांनी बिघडवला ते माझे वडील होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आम्ही अंबडकडचे. घरची शेती, खाऊन-पिऊन सुखी. मी बारावी झाले तेव्हा वाळूजला नुकते कारखाने उभे राहत होते आणि आमच्या गावातली पोरं एकेक करून तिकडं लागत होती. पोरींनी कुठं लागायचं, याचा विचार माझ्या मामांनी केला होता. त्यांनी एक स्थळ आणलं होतं. बागायत जमीन, बारमाही विहीर, घरात टीव्ही. आबा ते घर बघूनही आले होते. मुलगा कसा आहे असं आईनं विचारलं तर मामा म्हणाले, "सांगितलं की, बागायत हाये."

मला औरंगाबादला जाऊन बी.ए. करायचं होतं. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. हे मी आईला सांगितलं, आईनं आबांना सांगितलं. आबांशी थेट बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. आबा रागीट होते अशातला भाग नाही, पण त्यांच्यापुढं उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटायची. ते चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवता जेवता आईला म्हणाले, "कालेजात पोरींला ऱ्हायला खोल्या हायेत म्हणं. म्या जातो तिच्यासंगं, खोली बगतो. पसंत पडली तर ठिवतो. नाय पडली तर त्याच दिवशी येस्टीनं माघारी. मंग मामा म्हनंल तसं."

म्हणजे सगळं एका खोलीवर येऊन ठेपलं. खोली पसंत पडली तर बी.ए., नाही पडली तर तुळशीचं लग्न झालं की माझं. मी न बघितलेल्या त्या खोलीसाठी महिनाभर देवाला हात जोडले.

औरंगाबादला उतरल्यावर आबांनी मला आधी उस्मानपुऱ्यातल्या एका हॉटेलात नेऊन पोटभर भजी खाऊ घातली. "घर बगायला उपाशी जाऊ नाय," म्हणाले. "भूक लागली की मानूस लवकर व्हय म्हनतं." माझ्या मोठ्या चुलतबहिणींच्या सोयरिकी त्यांनीच जमवल्या होत्या, घरं बघण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी धोतर, कडक सदरा आणि ठेवणीतला गुलाबी फेटा असा जामानिमा केला होता. मला वाटलं शहरात यायचं म्हणून केलाय. तसं नव्हतं. ते कॉलेजला खरोखरच घर बघायला निघाले होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कॉलेजचं नाव सांगत नाही. फाटकावर कापडी फलक होता : नवागत विद्यार्थी समायोजन सप्ताह. आबांनी तो मला वाचायला लावला.

"समायोजन म्हंजी?"

"नव्या पोरांला रुळवायचं, आबा."

"खोंड हायेत व्हय रुळवायला?" आबा म्हणाले. "अन् खोंडाला बी पहिल्या दिवशी गोठा दावत्यात, चारा टाकत्यात. असं फडकं नाय लावत."

हा सप्ताह का होता ते मला पुढं तिथंच नोकरी लागल्यावर, जुन्या फायली चाळताना कळलं. वरून परिपत्रक आलं होतं. वर म्हणजे नेमकं कुठं, हे खाली कुणालाच माहीत नसतं. खेड्यातली मुलं-मुली प्रवेश घेतात आणि पहिल्या महिन्यातच गाव गाठतात, तरी त्यांना आपुलकीचं वातावरण लाभेल असे उपक्रम राबवावेत, असा त्याचा सारांश होता. परिपत्रक वाचून कॉलेजनं आपुलकीची एक समिती नेमली. समितीत अकरा जण होते आणि ते आपापसांत बोलत नसत.

फलकाखालून आम्ही सरळ मुलींच्या वसतिगृहाकडं गेलो. दाराशी स्टुलावर एक म्हातारे शिपाई बसले होते. सगळं कॉलेज त्यांना चाचा म्हणायचं. आबांनी रामराम घातला आणि खोली बघायची आहे असं सांगितलं.

"आज नक्को मामू," चाचा म्हणाले. "चाब्या स्टेजपे हैं. पाहुने आएंगे, उनों बाटेंगे."

"नुसती बगायची हाय. घ्यायची नंतर."

"बगने को भी जलसे के बाद आव."

झालं होतं असं, की समितीनं वसतिगृहाच्या चाव्या प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वाटायचं ठरवलं होतं. सगळ्या नव्हे, बारा चाव्या, प्रातिनिधिक स्वरूपात. त्या तबकात रचून, वर जरीचं फडकं घालून व्यासपीठावर ठेवल्या होत्या. तोवर एकाही नव्या मुलीला खोलीत पाय टाकता येत नव्हता. ट्रंका, वळकट्या, डब्यांच्या पिशव्या घेऊन पोरी व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या, आणि त्यांना कॉलेज आपलं वाटावं म्हणून आत सभागृहात तयारी चालली होती.

"घर दावायच्या आधी वरात," आबा माझ्याकडं बघून म्हणाले. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. सोयरिकीत कुठलं घर मोडायचं असलं की त्यांच्या कपाळावर डाव्या बाजूला एक आठी पडायची. ती पडली होती.

कार्यक्रम अकराचा होता. पाहुणे कुणी मोठे पुढारी होते, त्यामुळे अकराचे बारा झाले आणि बाराचा एक. समितीचे अध्यक्ष मराठीचे सर होते. त्यांच्या सूत्रसंचालनाची जिल्ह्यात कीर्ती होती, आणि रिकामा माईक दिसला की त्यांना राहवत नसे. ज्ञानगंगा, ज्ञानमंदिर, ज्ञानसागर असं सगळं पाणी आणि सगळी देवळं त्यांनी पाहुणे येईपर्यंत आटवून टाकली. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली तीनदा उभ्या राहिल्या आणि तीनदा बसल्या. आबा माझ्यापुढं चार रांगा सोडून, पालकांच्या खुर्च्यांवर ताठ बसले होते. इकडं तिकडं बघत नव्हते. अंबडकडं जाणारी शेवटची सोयीची गाडी साडेचारची होती आणि ती त्यांच्या डोक्यात होती, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

पाहुणे आले. दिवा लावताना पंखा बंद केला की पाहुण्यांना घाम येई आणि चालू केला की दिवा विझे. शेवटी दिवा लागला असं जाहीर करण्यात आलं. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा झाला, प्राचार्यांचा झाला, मग समितीचे सदस्य एकमेकांकडं वळले. ज्यानं शाल घातली, त्याला पुढच्या खेपेला शाल मिळाली. मी लक्ष देऊन बघितलं, शाली बहुतेक दोनच होत्या. ज्यांना रुळवायचं होतं ते आम्ही खाली बसून टाळ्या वाजवत होतो. माझ्या शेजारची सिल्लोडकडची मुलगी टाळ्या वाजवता वाजवता झोपली.

इतक्यात मराठीच्या सरांच्या लक्षात आलं असावं, की कार्यक्रमपत्रिकेत 'पालक प्रतिनिधींचा सत्कार' आहे आणि प्रतिनिधी ठरवायचाच राहिलाय. त्यांनी पालकांच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. गुलाबी फेटा एकच होता. "बळीराजाचं हे तेजस्वी रूप!" असं म्हणत ते स्वतः खाली उतरले आणि आबांना दंडाला धरून वर घेऊन गेले. आबा मुकाट्यानं गेले. मला नंतर त्यांनी सांगितलं, त्यांना वाटलं, सापडली बाबा चावी, आता खोली दावत्यात.

वर गेल्यावर सरांनी शाल उलगडली. आबा एक पाऊल मागं सरले.

"हे काहून?"

"आपला सत्कार! आपण स्वीकार करावा."

शाल खांद्यावर पडली. ती आबांनी काढून, नीट घडी घालून परत दिली. सरांनी नारळ पुढं केला. आबांनी हात जोडले. आपल्याकडं व्यासपीठावर पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. दोनदा नको म्हणणं हा तर विनय समजला जातो. सरांनी तो नारळ तिसऱ्यांदा आबांच्या हातात कोंबायला बघितला तेव्हा आबांनी दोन्ही तळव्यांनी तो मागं रेटला, आणि समोर माईक असल्यामुळे पुढचं सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"नगं म्हनलं ना सर! अजून घर नाय बगितलं म्या. घर बगितल्याबिगर नारळ कसा घिऊ?"

सभागृह हसलं. हसू थांबेना. शहरातल्या पोरांना काय झालंय तेच कळलं नाही, पण आम्हा खेड्यातल्यांना कळलं आणि तरी आम्हीही हसलो. आमच्याकडं सोयरीक जमली की मुलाकडचे मुलीच्या बापाला टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. बापानं तो हातात घेतला की शब्द दिला. चारचौघांत घेतलेला नारळ परत करता येत नाही, केला तर दोन गावांचं येणं-जाणं तुटतं. आबांच्या लेखी हे तेच होतं. कॉलेजनं मुलगी मागितली होती आणि घर न दाखवताच नारळ हातात देत होतं.

"कोण गं ते?" माझ्या मागच्या रांगेतल्या मुलीनं हसत विचारलं.

"काय माहीत," मी म्हणाले.

हे लिहिताना आजही मला माझीच लाज वाटते. चार रांगा आणि एक व्यासपीठ एवढ्याच अंतरावर माझा बाप माझ्यासाठी उभा होता आणि मी त्याला ओळखत नव्हते.

"अहो घ्या की पाहुणं," प्रमुख पाहुणे म्हणाले. "फोटोवाला थांबलाय."

"थांबू द्या," आबा म्हणाले. "लेक द्यायची हाय साहेब. फोटो नाय द्यायचा."

आता प्राचार्य उठले. ते अंगानं आडवे, बोलायला कमी, आणि मूळचे परभणीकडच्या एका खेड्यातले. त्यांना तीन मुली होत्या आणि तिघींची लग्नं व्हायची होती. त्यांना हसण्यावारी नेता आलं असतं. ते हसले नाहीत. भर सभेत मुलीच्या बापानं नारळ परत केला म्हणजे घर नापसंत, हे तिथं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांनी तबकावरचं जरीचं फडकं उचललं आणि एक चावी काढली.

"सर, चाव्या पाहुण्यांच्या हस्ते..." मराठीचे सर कुजबुजले. माईक अजून चालूच होता.

"घर माझं आहे. दाखवायचं कामही माझंच," प्राचार्य म्हणाले आणि सभागृहाच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या चाचांकडं वळले. "चाचा, रेक्टर बाईंना बरोबर घ्या आणि यांना खोली दाखवून आणा. तोवर स्वागतगीत होऊ द्या."

आबा पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेनं येताना माझ्या रांगेपाशी थांबले. "चल बाई," म्हणाले. मी उठले. मागच्या मुलीनं 'अगं बाई' म्हटल्याचं मला ऐकू आलं.

रेक्टर बाई पन्नाशीच्या होत्या, वसतिगृहातच एकट्या राहायच्या. चालता चालता आबांनी त्यांची चौकशी सुरू केली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोयरिकीत मुलीच्या सासूला जे विचारतात, तेच सगळं ते विचारत होते. पोरगी आजारी पडली तर कोण बघतं? चुकली तर हात उचलता का? पोटभर खाऊ घालता का?

"वरण पातळ असतं," बाई म्हणाल्या. "पोटभर म्हणता यायचं नाही. तुम्ही घरून चटणी देत जा."

"खरं बोलल्या," आबा मला म्हणाले. कपाळावरची आठी थोडी सैल झाली. वाटेत त्यांनी हौदाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, कुंपणाची भिंत नजरेनं मोजली, फाटक किती वाजता बंद होतं ते विचारलं. सातला, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

खोलीशी आलो तर चावी लागेना. चाचांनी एकदा फिरवली, उलटी घालून बघितली, फुंकर मारली, मग शांतपणे खिशात टाकली.

"ये दिखाने की चाबी है मामू," ते म्हणाले. "असली वाली काली पड़ गईं. स्टेजपे अच्छ्या नै दिखत्यात बोले साहेब लोगां. तो कपाटां की चमकती वाली रख्या."

मग त्यांनी कमरेचा जुडगा काढला. खऱ्या चाव्या सकाळपासून तिथंच होत्या. आम्ही, ट्रंकांवर बसलेल्या पोरी आणि त्या पोरींचे बाप सगळे त्यांच्या पुढ्यातून चार वेळा गेलो होतो. पण चाचांचाही दोष नव्हता. त्यांना कुणी चावी मागितलीच नव्हती, सगळे खोली मागत होते.

खोली बरी होती. तीन खाटा, भिंतीत कोनाडे, नुकताच दिलेला चुना, खिडकीला गज. आबांनी खिडकीचे गज हलवून बघितले. छताकडं बघितलं. मग ते दाराकडं वळले आणि दार पुढं-मागं करून आतल्या बाजूनं हात फिरवत राहिले. फळीत स्क्रूची चार भोकं होती. कडी नव्हती.

"बाई, हे काय?"

"निघाली ती," रेक्टर बाई म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांना आहेत, हिलाच नाही. तीन वर्षं लिहितेय मी. कडी ही दुरुस्तीत धरायची का खरेदीत, हे त्यांचं ठरत नाही."

आबा बाहेर आले. दाराची बाहेरची कोयंडा-कडी त्यांनी वाजवून बघितली. चांगली दणकट होती.

"म्हंजी बाहीरून पोरीला कोंडता येतं," ते म्हणाले, "अन् आतून पोरीला दार लावता येत नाय. असं घर हाय व्हय हे?"

चाचांनी खाली बघितलं.

"मंग नाय जमत बाई," आबा रेक्टर बाईंना हात जोडून म्हणाले. "वंगाळ वाटून घिऊ नगा." आणि मला म्हणाले, "चल. साडेचारची घावंल."

ते चार पावलं गेले. सभागृहातून कर्ण्यावर स्वागतगीत दुसऱ्यांदा ऐकू येत होतं. मला पाय उचलायचा होता, तो उचलेना. महिनाभर ज्या खोलीसाठी देवाला हात जोडले ती हीच होती, आणि मी तिच्या उंबऱ्यात उभी होते.

"आबा, मी नाय येत."

हे मी म्हणाले यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. आबा वळले.

"दाराला कडी नाय."

"मामांनी आणलेल्या घरात व्हती का?" माझा आवाज चिरकत होता, पण तोंड आता थांबेना. "तिथं तुमी विहीर बगितली. जमीन बगितली. टीव्ही बगितला. आतून कडी हाय का, हे तिथं कुणी बगितलं का?"

बापाला असं तोंडावर बोलायचं म्हणजे काय असतं, ते आमच्या पिढीच्या बायकांनाच कळेल. मला वाटलं आता मुस्काटीत बसेल. आबांनी खरोखर आठवून बघितलं. विचारलं त्याचं उत्तर द्यायची त्यांना सवय होती.

"नाय बगितली," ते म्हणाले. "अन् तुझ्या चुलतबहिणींच्या घरी बी नाय बगितली."

ते पायरीवर बसले. फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. मग त्यांनी वर न बघताच विचारलं, "चाचा, पेचकस हाय का?"

"पेचकस है," चाचा म्हणाले. "कडी बी है. पाहुने के आराम के कमरे में है, पितल की. नवीच."

"ती कॉलेजच्या मालमत्तेत आहे," रेक्टर बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. "मला काही चष्म्याशिवाय दिसत नाही. काय करायचं ते लवकर करा."

चाचा ती कडी घेऊन आले. आबांनी जुन्या भोकांत दगडानं काड्या ठोकून भरल्या आणि त्यांत नवे स्क्रू पिळले. बाईंनी दार धरून ठेवलं. हे चाललं असताना तिकडं समारंभ संपला होता. पाहुण्यांना वाळूजला दुसरं उद्घाटन होतं, म्हणून ते चाव्या भराभर वाटून निघून गेले. थोड्याच वेळात अकरा मुली चमकत्या चाव्या घेऊन व्हरांड्यात आल्या आणि एकेका कुलपाशी झटापट करू लागल्या. कुणाचंच उघडेना. तेवढ्यात एकीला रडू फुटलं. चाचा जुडगा घेऊन तिकडं धावले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, त्यात नवागत विद्यार्थिनी आनंदानं आपापल्या खोल्यांत गेल्या असं होतं, आणि पालक प्रतिनिधींनी भारावून जाऊन सत्कार स्वीकारल्याचंही होतं.

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा मैदानातून प्राचार्य आले. एकटेच होते. हातात नारळ होता. शाल नव्हती, ती म्हणे पाहुण्यांच्या ड्रायव्हरच्या अंगावर गेली होती. नव्या पितळी कडीकडं त्यांनी एकदा बघितलं. ती कुठली आहे हे त्यांना कळलं असणार, कारण पाहुण्यांची खोली त्यांच्याच दालनाशेजारी होती. पण त्यांनी विचारलं नाही.

"काय पाव्हणं," ते म्हणाले. इतका वेळचं त्यांचं पुस्तकी मराठी कुठं गेलं कुणास ठाऊक. "जमलं का घर?"

"थांबा. आधी बगू," आबा म्हणाले. त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडं वळले. "बाई, आत जा. कडी लाव."

मी आत गेले. दार लोटलं, कडी सरकवली. ती घट्ट होती, दोन्ही हातांनी लावावी लागली.

बाहेरून आबांच्या खांद्याचा धक्का बसला. दार हललं, कडीनं धरलं. मग दुसरा धक्का आला, तो प्राचार्यांचा असावा, जरा भिडस्त होता. मग पुन्हा आबांचा, सगळा जोर लावून. चौकटीतून चुना पडला. कडी तशीच राहिली.

मग आबांचा आवाज अगदी दाराच्या फटीशी आला. हळू बोलत होते, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये असं.

"ऐकती का?"

"व्हय."

"मामा आला, पाव्हणे घिऊन आला, लई काय काय बोलला, तरी तुला वाटंल तवाच ही काढायची. म्या सोता आलो अन् घरी चल म्हनलो, तरी बी. समजलं का?"

"आबा, थांबा, मी येते बाहेर."

"नगस. आत्ता बी काढू नगस. तुझं तोंड बगितलं तर माझ्यानं जाववायचं नाय."

बाहेर ते मोठ्यानं म्हणाले, "द्या सर तो नारळ." आणि पायऱ्यांवरून त्यांच्या वहाणा वाजत गेल्या. मी दाराला कपाळ लावून मोठमोठ्यानं रडत होते. मला धावत जाऊन त्यांचे पाय धरायचे होते, 'काय माहीत' म्हणाले ते सांगायचं होतं, माफी मागायची होती. माझा हात कडीवर होता. त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी ती काढली नाही.